वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कारची मागची उंची कमी करताना

स्पोर्ट्स कारच्या मागच्या सस्पेन्शनची उंची कमी करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्रातील गाडीचे काम सर्वांत किचकट आहे आणि चूक होण्याची शक्यताही तिथेच जास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त स्टुटगार्टला राहतो. गेल्या वर्षी मी १९८६ सालची पोर्श ९११ कॅरेरा ३.२ घेतली. ही गाडी मुळात अमेरिकेत विकली गेली होती आणि पुढे जर्मनीत परत आणली गेली. इथल्या इतर ९११ गाड्यांशी तुलना केली तर तिची मागची बाजू उंच दिसते. ती २५ मिलिमीटरने खाली घ्यावी, असा विचार आहे. शिवाय मागची डावी बाजू उजवीपेक्षा ८ मिलिमीटर उंच भरते. ‘एक बोल्ट फिरवला की अर्ध्या तासात काम होईल,’ असे एका मेकॅनिकने सांगितले. हे खरे आहे का? आणि फक्त मागचीच बाजू खाली घेतली तर चालेल का?

उत्तर : आपल्या गाडीची उंची हा बिघाड नाही. अमेरिकेतील बंपरच्या उंचीच्या नियमांमुळे तिकडे जाणाऱ्या ९११ गाड्या कारखान्यातूनच युरोपातील गाड्यांपेक्षा उंच बसवून पाठवल्या जात असत. त्यामुळे आपण गाडी युरोपीय मापावर आणत आहात, एवढाच या कामाचा अर्थ घ्यावा. मर्यादाही तीच ठेवावी, असा माझा आग्रह राहील.

या गाडीला मागे कॉइल (वेटोळ्याच्या) स्प्रिंग नाहीत. आसनांच्या मागे, गाडीच्या रुंदीत आडवी बसवलेली एक जाड नळी आहे आणि तिच्यात डावीकडे एक व उजवीकडे एक अशा पोलादी दांड्या आहेत. या दांड्या म्हणजे टॉर्शन बार. दांडीचे आतले टोक नळीच्या मध्यभागी पक्के धरलेले असते. बाहेरच्या टोकावर एक लांब, सपाट पोलादी पाते बसते आणि ते मागच्या चाकाच्या हाताला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला, जोडलेले असते. चाक वर गेले की ओले कापड पिळावे तशी दांडी पिळली जाते आणि पुन्हा सरळ होण्याच्या तिच्या धडपडीतून स्प्रिंगचे बळ मिळते. फर्डिनांड पोर्श यांनी या पद्धतीचे पेटंट १९३१ सालीच घेतले होते. ९११ मध्ये ती १९८९ पर्यंत टिकली आणि पुढच्या ९६४ मालिकेत कॉइल स्प्रिंग आल्या.

उंची ठरते ती मोकळे लोंबकळणारे पाते जमिनीच्या दिशेने किती अंश झुकलेले आहे यावर. गाडीचे वजन दांडीला जवळपास तेवढेच पिळते, म्हणून पाते जितके जास्त खाली झुकलेले, तितकी गाडी उंच राहते. हा कोन बदलण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आपल्या मेकॅनिकने सांगितला तो. आपल्या गाडीतील पाते दोन तुकड्यांचे आहे आणि त्या दोहोंमधील कोन एका एक्सेंट्रिक बोल्टने (मध्यापासून सरकलेल्या, फिरवल्यावर भाग सरकवणाऱ्या बोल्टने) थोडा बदलता येतो. ही सोय खरी आहे, पण ती बारीक जुळवणीसाठी ठेवलेली आहे. आधीच्या मालकांपैकी कोणी तो बोल्ट एका टोकाला नेऊन ठेवलेला असेल, तर पुढे सरकायला जागाच उरलेली नसते. २५ मिलिमीटर त्यातून मिळाले तरी समायोजन टोकाला जाऊन अडकते, आणि नंतर डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल साधताना हाताशी काहीच राहत नाही. म्हणून मोठा फरक दांडीच्या टोकांवर कोरलेल्या दात्यांवर काढावा आणि काम संपताना हा बोल्ट आपल्या फिरण्याच्या मर्यादेच्या मध्याजवळ असावा, असे मला वाटते.

दात्यांचा हिशेब ज्याने आखला त्याच्या कल्पकतेला दाद द्यावी असा आहे. दांडीच्या आतल्या टोकावर ४० दाते आहेत आणि बाहेरच्या टोकावर ४४. आतल्या टोकाला एक दाता सरकवला की दांडी ९ अंशांनी फिरते, तर बाहेरच्या टोकावर पाते एक दाता सरकवले की ते ८.१८ अंशांनी फिरते. दोन्हींपैकी एकच बदल केला तर फरक फारच मोठा पडेल. पण आतले टोक एका दिशेने एक दाता आणि पाते उलट दिशेने एक दाता असे केले, तर निव्वळ फरक सुमारे ०.८२ अंश, म्हणजे ४९ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) इतकाच उरतो. टॉर्शन बारच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास धरले, तर अशी एक पायरी म्हणजे उंचीत साधारण ६ मिलिमीटर. आपल्याला हवे असलेले २५ मिलिमीटर या हिशेबाने चार पायऱ्यांत बसतात : आत चार दाते एका बाजूला, बाहेर चार दाते दुसऱ्या बाजूला, आणि कोनातील फरक ३.२७ अंश. हा आकडा अंदाजाचा आहे; खरा निर्णय आपल्या गाडीवर घेतलेल्या मापानेच करावा.

त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी नीट मोजणी करावी. मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावून घेतलेले माप कामाचे नाही, कारण टायरची झीज, हवेचा दाब आणि चाळीस वर्षांत पत्र्यावर झालेली डागडुजी या सगळ्यांचा परिणाम त्यात मिसळतो. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, पेट्रोलची टाकी भरलेली असावी (९११ मध्ये ती पुढे असते, हे ध्यानात ठेवावे), आणि मग दोन उंची मोजाव्यात : चाकाच्या मध्यबिंदूची आणि टॉर्शन बारच्या बाहेरच्या झाकणाच्या मध्याची. या दोहोंतील फरक हेच सस्पेन्शनचे खरे माप. कारखान्याची मापेही याच पद्धतीने दिलेली असतात आणि ती आपल्या वर्षाच्या व मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावीत.

प्रत्यक्ष कामात गाडी पक्क्या स्टँडवर हवी. नुसत्या जॅकवर हे काम करू नये. पाते आणि मागचा हात यांच्या जोडावरच कॅम्बर (चाकाचा उभा कल) व टो (चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणे) यांचे एक्सेंट्रिक बोल्ट असतात, म्हणून जोड सोडण्यापूर्वी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर खुणेची बारीक रेघ मारून ठेवावी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढण्याआधी हाताखाली जॅकचा आधार द्यावा. पाते नळीच्या तोंडाशी असलेल्या ओतीव टेकूवर ताणलेल्या अवस्थेत बसलेले असते. ते टेकूवरून सुटते त्या क्षणी झटक्याने खाली येते. त्या वेळी बोटे किंवा चेहरा त्याच्या वाटेत असता कामा नये.

पात्यावरचे झाकण चार बोल्टांवर असते. ते निघाल्यावर पाते बाहेर येते आणि मागच्या चाकापुढील पत्र्यातले गोल झाकण काढले की दांडीही ओढून घेता येते. इथे दोन गोष्टींवर बारीक नजर ठेवावी. पहिली, दांड्या डाव्या-उजव्या ठरलेल्या असतात आणि त्यांच्या टोकावर तशी खूण असते. ज्या दिशेने दांडी वर्षानुवर्षे पिळली गेली आहे, त्याच्या उलट दिशेने ती कधीही वापरू नये. दुसरी, दांडीचा पृष्ठभाग. त्यावरचा रंग उडून गंजाचे खड्डे पडलेले असतील, किंवा कोणी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना ओरखडा काढलेला असेल, तर त्याच ठिकाणाहून पुढे तडा जातो, कारण पिळाचा सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावरच असतो. बोटाने चाचपून खड्डा जाणवला तर ती दांडी परत बसवू नये. चांगल्या दांडीला रंगाचा हात द्यावा, दात्यांना ग्रीस लावावे आणि ती बसवताना हातोडी वापरू नये. दाते जुळले की ती हाताने आत जाते.

बदल करण्यापूर्वी मोकळ्या पात्याचा कोन डिजिटल कोनमापकाने मोजून लिहून ठेवावा आणि तोच मापक गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवून तिथलाही कोन घ्यावा, म्हणजे गाडी स्टँडवर किंचित तिरकी असली तरी हिशेब चुकत नाही. नवीन कोन जुन्यापेक्षा सव्वातीन अंशांनी कमी झुकलेला आला, म्हणजे दाते बरोबर मोजले गेले. पात्यावरचे रबरी बुश जुने आणि एका बाजूला चेपलेले असतील तर ते याच वेळी बदलावेत. चेपलेल्या बुशमुळे गाडी आपोआप खाली बसते आणि आपला सगळा हिशेब खोटा ठरतो.

गाडी जमिनीवर उतरल्यावर लगेच घेतलेल्या मापावर विश्वास ठेवू नये. पिळलेले रबर आणि जमिनीवर अडकलेले टायर गाडीला काही काळ वरच धरून ठेवतात. काही किलोमीटर चालवून, खड्ड्या-उंचवट्यांवरून नेऊन, मग सपाट फरशीवर पुन्हा मोजावे.

आता डाव्या-उजव्या बाजूंतील ८ मिलिमीटरच्या फरकाविषयी. मागची डावी बाजू उंच दिसते म्हणून तीच खाली घ्यावी, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. चार पायांच्या टेबलाप्रमाणे गाडीचेही कर्ण एकमेकांवर अवलंबून असतात. पुढची उजवी बाजू जास्त उचललेली असेल तर तिचा परिणाम मागे डावीकडेही दिसतो. म्हणून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, चालकाच्या जागी त्याच्याइतके वजन ठेवून, दोन्ही कर्णांवरील वजने जवळपास सारखी येईपर्यंत जुळवणी करावी. मागचा एक्सेंट्रिक बोल्ट मध्यावर राखायला सांगितला तो याचसाठी. दिसण्यातील दोन-तीन मिलिमीटरचा फरक आणि वजनातील असमतोल यांत निवड करायची वेळ आली, तर वजन बरोबर ठेवावे.

फक्त मागची बाजू खाली घेण्याविषयी मी आपल्याला सावध करीन. मागे २५ मिलिमीटर कमी झाले आणि पुढे काहीच बदलले नाही, तर नाक वर उचलले जाते. ९११ चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने पुढच्या चाकांवर मुळातच वजन कमी असते. जर्मनीतील ऑटोबानवर, जिथे वेग सहज दीडशेच्या पुढे जातो, तिथे नाकाखाली शिरणारी हवा पुढची चाके आणखी हलकी करते आणि स्टिअरिंगची पकड सैल वाटू लागते. आपली गाडी अमेरिकन मापाची असल्यामुळे पुढचीही बाजू उंच असणार. पुढच्या टॉर्शन बारचे समायोजन खालून एका बोल्टने होते आणि ते तुलनेने सोपे आहे. दोन्ही बाजू पुस्तिकेतील युरोपीय मापावर आणाव्यात. त्या मापात नाक किंचित खाली राहील याची काळजी कारखान्याने घेतलेलीच आहे.

यानंतर व्हील अलाइनमेंट टाळता येत नाही. मागचा हात तिरक्या अक्षावर फिरतो, त्यामुळे उंची कमी झाली की कॅम्बर अधिक ऋण होतो, म्हणजे चाकाचे वरचे टोक आत झुकते, आणि टो देखील हलतो. मागची चाके किंचित आत वळलेली आणि दोन्ही बाजूंना सारखी असावीत. ती बाहेर वळलेली राहिली, तर वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागची बाजू फेकली जाण्याची या गाडीची प्रसिद्ध खोड अधिक तीव्र होते. हे मी पुनःपुन्हा सांगतो, कारण उंची कमी करून अलाइनमेंट ‘नंतर बघू’ म्हणून सोडून दिलेल्या ९११ मध्ये बसणाऱ्याचा जीव त्या ‘नंतर’वर अवलंबून असतो.

उंची कमी झाली म्हणजे स्प्रिंग कडक झाली असे नाही. दांडी तीच असल्यामुळे कडकपणा तोच राहतो, मात्र चाकाला वर जायला उरलेली जागा २५ मिलिमीटरने कमी होते आणि सस्पेन्शन रबरी थांब्यावर लवकर आदळते. दांडी जाड करायची झाली तर तिचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो : २४ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरची दांडी घातली तरी तो सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, आणि मग पात्याचा कोनही नव्याने ठरवावा लागतो. आपल्या रोजच्या वापरासाठी याची गरज मला दिसत नाही.

जर्मन कायद्याच्या बाजूने, काम करण्यापूर्वीच ट्युफ किंवा डेक्रा या वाहन-तपासणी संस्थांच्या तपासनिसाशी बोलावे. डिप्ड बीमच्या (खाली झुकवलेल्या प्रकाशाच्या) दिव्याची प्रकाश देणारी खालची कड जमिनीपासून किमान ५०० मिलिमीटर उंच असावी लागते, आणि उंची बदलल्यावर दिव्यांची दिशाही पुन्हा जुळवावी लागते. आपली गाडी तीस वर्षांहून जुनी असल्याने तिला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ नंबरप्लेट असेल किंवा आपण ती घेण्याच्या विचारात असाल. तिथे मूळ स्थितीला महत्त्व असते. युरोपीय मापावर आणलेली गाडी त्या चौकटीत समजावून सांगता येते. त्याहून खाली नेलेल्या गाडीचे समर्थन करणे कठीण जाते.

प्रश्न : मी ह्यूस्टनला असतो. माझ्याकडे २००२ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट आहे. तिच्या मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट फिरवून उंची कमी करता येते असे ऐकले. त्यासाठी लांब बोल्टही मिळतात. साध्या बोल्टवर भागेल, की लांब घ्यावेत?

उत्तर : कॉर्व्हेटमध्ये १९६३ पासून २०१९ पर्यंत मागे आडवी लीफ (पट्टीची) स्प्रिंग होती. सुरुवातीला ती पोलादी पट्ट्यांची होती. आपल्या पिढीत ती काचतंतूंच्या एकाच पट्टीची आहे. पट्टीचा मधला भाग गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो आणि दोन्ही टोके एकेका लांब बोल्टने खालच्या हाताला जोडलेली असतात. पट्टी आणि हात यांतील अंतर बोल्टने वाढवले की त्या बाजूची उंची कमी होते.

आधी मूळ बोल्टच वापरून पाहावेत. दोन्ही बाजूंना दिसणारे आटे मोजून लिहून ठेवावेत आणि दोन्हीकडे सारखेच फेरे द्यावेत. बोल्ट सैल करता करता नट पूर्ण आट्यांवर बसत नाही अशी स्थिती येऊ लागली, की तिथे थांबावे. अर्ध्या आट्यांवर धरलेला नट हे या पद्धतीतील सर्वांत धोकादायक दृश्य आहे, कारण चाकावर येणारे सगळे बळ त्याच आट्यांतून जाते. त्याहून खाली जायचे असेल तरच लांब बोल्ट घ्यावेत आणि त्यांच्यासोबत नवीन रबरी गाद्याही बसवाव्यात.

काचतंतूंची पट्टी पोलादासारखी निर्धास्तपणे हाताळता येत नाही. तिच्याखाली थेट जॅक लावू नये, तिला पान्याचा फटका बसू देऊ नये आणि एक्झॉस्टची गरम नळी तिच्याजवळ सरकलेली नाही याची खात्री करावी. पृष्ठभागावर तंतू सुटलेले दिसले तर ती पट्टी बदलावी. अलाइनमेंटविषयी वरच्या उत्तरात लिहिलेले आपल्या गाडीलाही लागू आहे. उंची कमी केल्यावर कॅम्बर वाढून मागचे रुंद टायर आतल्या कडेने झिजतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही, म्हणून अधूनमधून हात आत घालून ती कड चाचपून पाहावी.

प्रश्न : पुण्यात माझ्याकडे दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी आहे. मागची बाजू खाली घेण्यासाठी स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकावा, खर्च काहीच येत नाही, असे एका गॅरेजमध्ये सुचवले गेले. करावे का?

उत्तर : करू नये. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कमी केला तर उरलेली स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुन्याच कडकपणासाठी बनवलेला राहतो. कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. स्प्रिंगची मोकळी लांबी घटल्याने चाक पूर्ण खाली लोंबले की ती सैल होऊन जागेवरून सरकू शकते. ग्राइंडरने किंवा गॅसने कापताना बसणाऱ्या उष्णतेने पोलादाचा गुणही बिघडतो. शिवाय या गाडीत मागची स्प्रिंग शॉक अ‍ॅब्सॉर्बरपासून वेगळी, हातावर आतल्या बाजूला बसते, त्यामुळे स्प्रिंगची उंची जितकी कमी कराल त्याहून जास्त उंची चाकापाशी कमी होते; ‘एक वेढा’ म्हणजे किती मिलिमीटर, याचा अंदाज गॅरेजमध्ये उभ्याने बांधता येत नाही.

रस्त्याचाही विचार करावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गल्ल्यांतील कित्येक गतिरोधक याहून अरुंद आणि टोकदार आहेत, आणि लांब चाकांतर असलेल्या बुटक्या गाडीचे पोट त्यांवरच घासते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण अपघातानंतरच्या दाव्यात पहिला प्रश्न याच बदलाविषयी विचारला जाऊ शकतो.

तरीही मागची बाजू खरोखर उंच वाटत असेल, तर आधी मूळ मापाशी ताडून पाहावी. या गाडीत पूर्वी कोणी दुसऱ्या प्रकारच्या स्प्रिंग बसवल्या असण्याची शक्यता असते. स्प्रिंगवरील रंगांच्या खुणा आणि भाग-क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतात का, हे अधिकृत सेवा केंद्रात पाहता येते. जुळत नसतील तर योग्य मूळ स्प्रिंगची जोडी बसवावी, दोन्ही बाजूंना एकाच वेळी. आपल्या गाडीला झेनॉन दिवे असतील तर त्यांची उंची आपोआप जुळवणारा संवेदक मागच्या सस्पेन्शनवरच असतो, म्हणून स्प्रिंग बदलल्यावर निदान यंत्र लावून त्याचे शून्यस्थान पुन्हा ठरवून घ्यावे.